हळवा कोबी, गरवा कोबी : हरसूलच्या रानात कोबी-गाजराच्या वाणांची निवड

नाशिकहून गिरणारे मागे टाकून वाघेऱ्याचा घाट ओलांडला, की जमिनीचे रूप पालटू लागते. टोमॅटो आणि द्राक्षांच्या सपाट रानांची जागा डोंगरउतारावरच्या वरकस जमिनी आणि ओढ्याकाठची भातखाचरे घेतात. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल ही या डोंगरपट्टीची बाजारपेठ होय. आजूबाजूच्या वाड्यापाड्यांतून कोकणा, महादेव कोळी, वारली आदी आदिवासी समाजांची वस्ती असून भात, नागली, वरई, उडीद आणि खुरासणी ही येथील परंपरागत पिके आहेत. पावसाळ्यात सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस या पट्ट्यात कोसळतो. तथापि उतार तीव्र आणि मातीचा थर पातळ असल्यामुळे त्यातील बहुतेक पाणी दमणगंगेच्या खोऱ्यातून पश्चिमेकडे वाहून जाते. श्रावणात जेथे घराबाहेर पडणे कठीण, तेथेच होळीनंतर पाण्यासाठी हंड्यांच्या रांगा लागतात.

भाताची आणि नागलीची कापणी आटोपली, म्हणजे या भागातील अनेक कुटुंबे मजुरीसाठी गिरणारे, दिंडोरी, निफाडच्या वाटेला लागतात. तेथे टोमॅटोची खुडणी, द्राक्षबागांतील कामे आणि भाजीपाल्याची लावणी हेच हात करतात. दुसऱ्याच्या शेतात कोबीचे रोप किती खोल लावावे, पाणी केव्हा तोडावे, गड्डा केव्हा काढावा हे त्यांना सांगावे लागत नाही. मग तेच पीक स्वतःच्या दहा गुंठ्यांत का उभे राहत नाही, याचा विचार केल्यास दोन अडचणी समोर येतात. पाणी थोड्या दिवसांचे असते. आणि कोबीचे बियाणे घरच्या कणगीत सापडत नाही.

पहिली अडचण काही अंशी गावाच्या हातची आहे. पाऊस उघडताच ओढ्यावर रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत वाळू-माती भरून घातलेला वनराई बंधारा श्रमदानाने एक-दोन दिवसांत उभा राहतो आणि ओढ्याचे पाणी पुढे काही आठवडे हाताशी राहते. या काही आठवड्यांत बसेल असे पीक आणि त्या पिकाचा असा वाण निवडणे, हाच या भागातील भाजीपाल्याच्या शेतीचा खरा प्रश्न आहे. दहा गुंठे कोबी नाताळपर्यंत निघाला, तर हाती पैसा येतो. तोच कोबी माघात अर्धवट वाढलेला असताना ओढा आटला, तर बियाणे, खत आणि दोन महिन्यांची मेहनत बुडते. शिवाय मजुरीचा हंगामही हातचा गेलेला असतो.

हळवा-गरवाचा जुना हिशेब

वाणांची निवड ही या शेतकऱ्यांना नवी विद्या नाही. वरच्या बाजूच्या, लवकर कोरड्या पडणाऱ्या खाचरात हळवे भात आणि तळच्या, ओल धरून ठेवणाऱ्या खाचरात गरवे भात, ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. कोबीतही नेमका हाच भेद आहे. कृषी पुस्तिकांतून त्याला लवकर येणारे आणि उशिरा येणारे वाण असे म्हटले जाते. ग्रामसभेत किंवा शेतकरी मेळाव्यात बोलताना हळवा कोबी आणि गरवा कोबी असे म्हटल्यास तो भेद अधिक चटकन समजेल.

हळव्या कोबीत 'गोल्डन एकर' हा सर्वांत परिचित वाण होय. लावणीपासून ६० ते ६५ दिवसांत त्याचा गोल, घट्ट, एक ते दीड किलोपर्यंतचा गड्डा तयार होतो. बाहेरची पाने थोडी असल्यामुळे रोपे जवळ लावता येतात. त्याचा एक दोष मात्र ध्यानात ठेवावयास हवा. तयार झालेला गड्डा शेतात फार दिवस थांबत नाही. काढणीस उशीर झाला किंवा ताणानंतर एकदम भरपूर पाणी दिले, तर तो फुटतो. 'प्राइड ऑफ इंडिया' हा याच जातकुळीतील, परंतु थोडे अधिक दिवस घेणारा वाण आहे. गरव्या कोबीचा नमुना म्हणजे 'पुसा ड्रमहेड'. त्याचा चपटा गड्डा तीन किलोंच्याही पुढे जातो, आणि बाजारात तो पाहणाऱ्यास मोह पडणे साहजिक आहे. पण त्याला थंडी अधिक काळ हवी असते आणि गोल्डन एकरपेक्षा महिनाभर तरी जास्त पाणी लागते.

आता हरसूलच्या दिनदर्शिकेवर हा हिशेब मांडून पाहावा. सप्टेंबरच्या मध्यास गोल्डन एकरचे बी गादीवाफ्यावर टाकले, तर चार ते पाच आठवड्यांनी, म्हणजे हळवे भात निघता निघता, ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रोपे लावणीस येतात आणि डिसेंबरअखेर गड्डे निघतात. पुसा ड्रमहेडचे बी ऑक्टोबरच्या आरंभी टाकून नोव्हेंबरमध्ये लावणी केली, तर काढणी फेब्रुवारीत जाते. ज्याच्याकडे बारमाही विहीर आहे त्याने गरवा कोबी अवश्य लावावा. ओढ्याच्या पाण्यावर विसंबणाऱ्याने तो लावणे म्हणजे माळाच्या खाचरात गरवे भात लावण्यासारखे आहे.

नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने आणखी काही वाण दिले आहेत. 'पुसा मुक्ता' हा वाण घाण्या रोगास प्रतिकार करणारा असल्यामुळे, जेथे या रोगाचा उपद्रव पूर्वी झालेला आहे तेथे त्याचा विचार करावा. अलीकडे दुकानांतून प्रामुख्याने संकरित वाण मिळतात. त्यांचे गड्डे एकसारखे असतात, बहुतेक एकाच वेळी तयार होतात आणि काही वाण उष्णतेतही गड्डा धरतात. व्यापाऱ्याला गाडी भरून माल द्यावयाचा असेल, तर हे गुण मोलाचे ठरतात. घरची भाजी आणि आठवड्याचा बाजार एवढाच हेतू असेल, तर सर्व गड्डे एकाच आठवड्यात तयार होणे ही सोय नसून अडचणच होय. अशा वेळी सुधारित वाणाचे बी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन वेळा टाकणे अधिक श्रेयस्कर. संकरित बियाण्याची किंमतही अनेक पटींनी अधिक असते. पाकिटावर 'संकरित' ऐवजी 'हायब्रिड' किंवा 'एफ-१' एवढेच छापलेले असते. त्याचा अर्थ शेतकऱ्यास विक्रेत्याने सांगितला पाहिजे.

कोबीचे बी येथे का धरत नाही

नागलीचे, वरईचे, वालाचे बी घरी राखावयाचे, हा या डोंगराळ भागाचा रिवाज. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी स्थानिक वाणांचे असे बियाणे जतन करून मोठा संग्रह उभा केला आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यामुळे कोबीचे बी आपणच का धरू नये, असा प्रश्न शेतकरी विचारतो तेव्हा तो अगदी रास्त असतो. त्याचे उत्तर कोबीच्या स्वभावात आहे.

कोबी ही मूळची युरोपच्या थंड किनाऱ्यावरील वनस्पती. आपल्याकडे ती परकीयांबरोबर आली. 'कोबी' हा शब्दच पोर्तुगीज भाषेतून मराठीत उतरलेला आहे. हे झाड पहिल्या वर्षी पाने आणि गड्डा करते, त्यानंतर कडक हिवाळा सोसते आणि मगच दुसऱ्या वर्षी फुलावर येते. झाड पुरेसे मोठे झाल्यावर त्याला सलग सहा ते आठ आठवडे साधारण ४ ते १० अंश सेल्सिअसची थंडी मिळाली, तरच त्याच्या अंतरंगात फुलोऱ्याची तयारी होते. हरसूलला पौषात पहाटे हुडहुडी भरते खरी. परंतु दुपारी ऊन तापते, आणि ही थंडी झाडाच्या हिशेबी पुरत नाही. म्हणून येथे कोबीचा गड्डा उत्तम येतो, फूल मात्र येत नाही. गड्डा पिकविणाऱ्यास ही गोष्ट लाभाचीच आहे. अवेळी फुलोऱ्यावर येणारा कोबी विकला जात नाही.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी कोबी, फुलकोबी, गाजर यांचे विलायती वाणांचे बी परदेशांतून येत असे. युद्धामुळे ही आयात तुटली, तेव्हा क्वेट्टा आणि काश्मीर येथे बीजोत्पादनास आरंभ झाला. फाळणीनंतर क्वेट्टा पाकिस्तानात गेले, आणि हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यात कटराईन येथे १९४९ साली भाजीपाला पैदास केंद्र स्थापन करण्यात आले. पुढे ते भारतीय कृषी संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र झाले.

त्या खोऱ्यातील बीजोत्पादनाची रीत मोठी वाचनीय आहे. उन्हाळ्यात बी टाकून पावसाळ्यात रोपे लावतात. हिवाळ्यापूर्वी गड्डे तयार होतात. परंतु ते काढीत नाहीत. वाणाच्या लक्षणांशी न जुळणारी झाडे तेवढी उपटून टाकतात आणि उरलेली थंडी-बर्फात शेतातच राहू देतात. हिवाळा सरत आला, की घट्ट गड्ड्याच्या माथ्यावर फुलीच्या आकाराचा छेद देतात, म्हणजे आतून येणाऱ्या फुलदांड्याला वाट मिळते. वसंतात पिवळी फुले येतात, मधमाशा परागीभवन करतात आणि पुढच्या उन्हाळ्यात शेंगा पिकतात. बी टाकल्यापासून बी हाती येईपर्यंत वर्षाहून अधिक काळ जातो. शिवाय फुलकोबी, नवलकोल ही कोबीचीच सख्खी भावंडे असून त्यांचा परस्परांशी संकर होतो. त्यामुळे प्रमाणित बियाण्यासाठी अशा दोन शेतांत किमान एक हजार मीटरचे अंतर राखावे लागते. चिमूटभर बियाण्याच्या किमतीमागे हा खटाटोप असतो.

मैदानी प्रदेशातही बी धरू शकेल असा 'पुसा अगेती' हा वाण संशोधकांनी काढला आहे. तथापि घरगुती पातळीवर कोबीचे शुद्ध बी राखणे हे सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यातील काम नव्हे. संकरित वाणाच्या बाबतीत तर प्रश्नच उद्भवत नाही. त्याचे बी धरलेच, तरी पुढच्या पिढीत झाडे एकसारखी निपजत नाहीत. तात्पर्य, कोबीचे बी विकतच घ्यावे लागणार, आणि म्हणून ते पारखून घेणे अगत्याचे ठरते.

पाकीट, पावती आणि शंभर दाणे

बियाणे अधिनियम, १९६६ आणि त्याखालील १९६८ चे नियम यांनुसार अधिसूचित वाणाच्या बियाण्याच्या पाकिटावर वाणाचे नाव, लॉट क्रमांक, उगवणशक्ती, शुद्धता, चाचणीचा दिनांक आणि वैध मुदत छापलेली असावी लागते. प्रमाणित बियाण्यास निळी चिठ्ठी असते. उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर विकलेल्या, म्हणजे सत्यप्रत बियाण्यास हिरवी चिठ्ठी असते. कोबीच्या बियाण्याची किमान उगवणशक्ती ७० टक्के, तर गाजराची ६० टक्के ठरविण्यात आली आहे. उगवण चाचणीची मुदत साधारणतः नऊ महिन्यांची असते. दुकानदाराने सुटे करून कागदाच्या पुडीत दिलेल्या बियाण्यास यांपैकी कशाचाही आधार राहत नाही. दहा गुंठ्यांना पन्नास ग्रॅम बी लागते, मग सबंध डबा कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यावर उपाय म्हणजे चार-पाच शेतकऱ्यांनी किंवा बचतगटाने मिळून सीलबंद डबा घेणे आणि तो सर्वांसमक्ष उघडून वाटून घेणे.

बियाणे सदोष निघाले तर दाद मागण्यासाठी तीन वस्तू हाती असाव्या लागतात : खरेदीची पावती, चिठ्ठीसह रिकामे पाकीट आणि बाजूला काढून ठेवलेले थोडे बी. तालुक्याच्या पातळीवर बियाणे तक्रार निवारण समिती असून तक्रार आल्यावर ती शेताची पाहणी करून पंचनामा करते. ही तक्रार पीक शेतात उभे असतानाच करावी लागते. गड्डे उपटून रान मोकळे केल्यावर पाहणीस काहीच उरत नाही. त्याशिवाय बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक असून त्याला ग्राहक मंचाकडे दाद मागता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला आहे. बियाणे अधिनियम लागू असल्यामुळे ग्राहक कायद्याचा मार्ग बंद होतो, हा आक्षेप न्यायालयाने त्या वेळी फेटाळला. पंचायत सदस्यांना या निर्णयाची माहिती असणे उपयुक्त ठरेल. कारण पावती मागण्याचा संकोच हीच या बाबतीतील मोठी अडचण आहे.

तक्रारीची वेळ येण्यापूर्वीच बी पारखण्याची एक सोपी रीत शाळेत करून दाखविता येते. ओल्या गोणपाटाच्या किंवा सुती कापडाच्या तुकड्यावर दहा-दहांच्या ओळीत शंभर दाणे मांडावेत, कापड गुंडाळून सावलीत ठेवावे आणि ओल टिकवावी. कोबीची मोजणी आठ-दहा दिवसांनी, गाजराची दोन आठवड्यांनी करावी. जितके चांगले अंकुर, तितके टक्के उगवण. पाचवी-सहावीच्या मुलांना टक्केवारी शिकविण्यासाठी याहून चांगले साधन क्वचितच मिळेल, आणि बाप पेरणीला निघण्याआधी मुलगी घरी आकडा घेऊन जाईल.

गादीवाफ्यापासून गड्ड्यापर्यंत

भाताचे आवण करणाऱ्यांना रोपवाटिका नवी नाही. फरक एवढाच, की भाताच्या रोपाला साचलेले पाणी चालते, कोबीच्या रोपाचा त्याने घात होतो. सप्टेंबरमध्ये पाऊस संपलेला नसतो. म्हणून गादीवाफा जमिनीपासून वीतभर उंच, तीन फूट रुंद आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळून करावा, वर पाऊस झेलण्यापुरते छप्पर असावे आणि बी आडव्या रेघांत, अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, विरळ टाकावे. दाट टाकलेली रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. एका गुंठ्यास सुधारित वाणाचे सुमारे पाच ग्रॅम, तर संकरित वाणाचे अडीच ते तीन ग्रॅम बी पुरते. ४५ सेंटिमीटर अंतरावर चौफेर लावणी केली, तर गुंठ्यात सुमारे पाचशे रोपे बसतात. गरव्या वाणांना ६० सेंटिमीटरपर्यंत अंतर द्यावे.

घाण्या रोग हा बियाण्यातून येणारा जिवाणूजन्य रोग आहे. पानाच्या कडेपासून आत शिरणारा इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा पिवळा डाग आणि काळ्या पडलेल्या शिरा ही त्याची खूण. पेरणीपूर्वी बी ५० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून, लगेच गार पाण्यातून काढून सावलीत सुकविल्यास त्याचा बंदोबस्त पुष्कळ अंशी होतो. येथे अंदाज चालत नाही. दोन-तीन अंश वाढले तर बी मरते, कमी झाले तर रोग राहतो. म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेतील तापमापक वापरावा. औषध चोळलेल्या रंगीत बियाण्यास आणि जुन्या बियाण्यास ही प्रक्रिया करू नये. रोग आलेल्या जागी पुढची दोन-तीन वर्षे कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी यांपैकी काहीही घेऊ नये.

किडींत चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची बारीक हिरवी अळी सर्वांत त्रासदायक. कीटकनाशकांना ती लवकर सरावते. कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी घेतल्यास पतंग मोहरीकडे ओढले जातात. यांतील पहिली ओळ कोबीच्या लावणीआधी पंधरा दिवस आणि दुसरी लावणीनंतर पंचवीस दिवसांनी पेरावयाची असते. कोबीवर पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी. रासायनिक फवारणी करणे भागच पडले, तर काढणीपूर्वी किती दिवस ती थांबवावयाची, हे औषधाच्या लेबलावर वाचून घ्यावे. हा गड्डा अंगणवाडीच्या पातेल्यातही जाणार असतो.

गाजर : देशी आणि विलायती

गाजराची गोष्ट कोबीहून वेगळी आहे, आणि बियाण्याच्या दृष्टीने अधिक आशादायक. गाजराचे दोन मोठे गट आहेत. एक आशियाई, म्हणजे आपल्याकडे देशी म्हणून ओळखला जाणारा लाल, लांब, रसाळ गट; दुसरा युरोपीय गट, ज्याची मुळे नारिंगी, दंडगोल आणि बारीक गाभ्याची असतात. 'नँटिस' हा युरोपीय गटाचा प्रतिनिधी. त्याची गोडी उत्तम, पण बी धरण्यासाठी त्याला कोबीप्रमाणेच दीर्घ थंडी लागते. देशी गटातील वाण मैदानी हवेतही फुलतात. भारतीय कृषी संशोधन संस्थेने देशी लाल गाजर आणि नँटिस यांच्या संकरातून 'पुसा केसर' निवडला. त्याला देशी गाजराची उष्णता सोसण्याची शक्ती लाभली असून त्याचे बी मैदानात धरते. 'पुसा मेघाली' हा नारिंगी गराचा वाणही त्याच मार्गाने आलेला आहे. 'पुसा रुधिरा' हा लाल, तर 'पुसा असिता' हा काळसर जांभळा वाण त्यानंतरचा होय.

नारिंगी गाजरात कॅरोटिन विपुल असते आणि त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. लाल गाजरात कॅरोटिनच्या जोडीला टोमॅटोतील लाल द्रव्यही असते. कॅरोटिन शरीरात शोषले जाण्यास थोडा स्निग्धांश लागतो. म्हणून अंगणवाडीत किंवा शाळेच्या आहारात गाजर नुसते देण्याऐवजी खुरासणीच्या तेलाची फोडणी दिलेली कोशिंबीर करून देणे अधिक गुणकारी. खुरासणी या भागात घरोघरी असतेच.

गाजर पेरताना जमिनीची निवड वाणाइतकीच महत्त्वाची. वरकस जमिनीत हातभर खाली मुरूम लागतो. तेथे मूळ आडते, वाकते आणि त्याला फाटे फुटतात. ओढ्याकाठची गाळवट, खोल, भुसभुशीत जमीन गाजरास द्यावी. ताजे शेणखत घातले तरीही मुळांना फाटे फुटतात. म्हणून खत आधीच्या पिकाला दिलेले बरे. भाताच्या खाचरातील चोपण माती असेल, तर वरंबे करून त्यांवर पेरणी करावी.

गाजर लावणीचे पीक नव्हे. ते जागेवरच पेरावे लागते, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. बी अतिशय हलके व लवदार असते. ते हातावर चोळून, बारा तास भिजवून, सावलीत कोरडे करून, वाळूत किंवा राखेत मिसळून तीस सेंटिमीटर अंतराच्या ओळींत एक ते दीड सेंटिमीटर खोल पेरावे. उगवण सात ते पंधरा दिवस घेते. या काळात मातीचा वरचा पापुद्रा वाळून कडक झाला, तर अंकुर वर येत नाही आणि दोष बियाण्यावर जातो. पेरणीनंतर भाताचा पेंढा पातळ पसरून त्यावर हलके पाणी द्यावे आणि अंकुर दिसताच पेंढा काढावा. हेक्टरी पाच किलोंच्या शिफारशीप्रमाणे गुंठ्यास पन्नास ग्रॅम बी लागते. त्यात चाळीस हजारांच्या आसपास दाणे असतात, आणि अखेरीस ठेवावयाची असतात चार हजार झाडे. यावरून विरळणी किती करावी लागते, याची कल्पना यावी. दोन झाडांत सात-आठ सेंटिमीटर अंतर ठेवून बाकीची उपटून टाकणे जिवावर येते खरे, पण न उपटल्यास करंगळीएवढीच गाजरे मिळतात.

हळवे भात निघाल्यावर ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पेरलेले गाजर जानेवारीअखेर पूर्ण तयार होते. मात्र अडीच महिन्यांपासूनच लागतील तशी उपटून खाता-विकता येतात. गड्ड्यासाठी थांबावे लागणाऱ्या कोबीपुढे गाजराचा हा मोठा फायदा आहे. थंडी पडली, म्हणजे रंग आणि गोडी चढते. पंधरा ते वीस अंशांच्या हवेत रंग सर्वांत चांगला भरतो. फार दिवस ताण देऊन एकदम पाणी सोडल्यास मुळे उभी चिरतात.

गाजराचे बी घरी धरताना

पुसा केसरसारखा मैदानात फुलणारा वाण घेतला असेल, तर त्याचे बी घरी धरता येते. डिसेंबर-जानेवारीत काढणीच्या वेळी सरळ, एकरंगी, बारीक गाभ्याची, फाटे नसलेली चाळीस-पन्नास गाजरे बाजूला काढावीत. दोन-चार झाडांवर बी धरल्यास पुढच्या पिढ्या दुबळ्या होत जातात, म्हणून ही संख्या कमी करू नये. आधीच फुलदांडा काढलेले झाड कितीही जोमदार दिसले, तरी बियाण्यासाठी घेऊ नये. त्याचे बी धरल्यास लवकर फुलण्याची खोड वाणात शिरते. निवडलेल्या गाजरांचा खालचा भाग कापून घरात भाजीला वापरावा. वरचा तिसरा हिस्सा, पाला चार बोटे राखून, ६० बाय ४५ सेंटिमीटर अंतरावर पुन्हा लावावा. गाभा रंगाने कसा आहे हे कापताना दिसतेच; फिकट, जाड गाभ्याचे त्याच वेळी वगळावे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढऱ्या छत्र्यांसारखा फुलोरा येतो. या वेळी ओढा आटलेला असतो. परंतु चाळीस-पन्नास झाडांना घरातील भांड्यांचे आणि मोरीचे पाणी पुरते. म्हणून ही झाडे परसातच लावणे सोयीचे. परागीभवन माश्या आणि मधमाशा करतात. गावात दुसऱ्या वाणाचे गाजर फुलावर असेल, तर भेसळ होते. प्रमाणित बियाण्यासाठी आठशे मीटरचे अंतर सांगितलेले आहे, तेव्हा एका पाड्यावर एकाच वाणाचे बी धरण्याचे ग्रामसभेत ठरवून घ्यावे. मधल्या आणि त्यानंतरच्या फांद्यांवरील छत्र्यांचे बी भरदार असते. त्या तपकिरी झाल्या, की एकेक खुडून सावलीत वाळवाव्यात. शेवटच्या बारीक छत्र्या सोडून द्याव्यात.

चाळीस झाडांपासून साधारण अर्धा किलो बी मिळाले, तर दहा गुंठ्यांची सोय होते. बी पूर्ण वाळवून, खडखडीत सुकलेली राख तळाशी घातलेल्या काचेच्या बरणीत, कागदी पुडीत बांधून ठेवावे आणि बरणीचे झाकण मेणाने बंद करावे. हरसूलच्या पावसाळ्यातील दमट हवा हा त्या बियाण्याचा सर्वांत मोठा शत्रू आहे. उघड्यावर ठेवलेले गाजराचे बी आषाढ-श्रावणातच आपली उगवण गमावू लागते. पुडीवर वाणाचे नाव आणि वर्ष लिहावे. सप्टेंबरमध्ये बरणी उघडल्यावर विकतच्या बियाण्याप्रमाणेच याचेही शंभर दाणे ओल्या कापडावर मांडून मोजावेत. साठांहून कमी उगवले, तर त्या प्रमाणात बी वाढवून पेरावे. तीसच्या खाली गेले, तर त्या वर्षी नवे बी आणावे.